तीन नंबरची कांडी

१

सरांची शोकसभा आटोपून मी तळघरातल्या प्रयोगशाळेत परत आले, तेव्हा तीन नंबरच्या सेलमधली कांडी नाहीशी झाली होती. सेल मात्र अजून कोमट होता.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले होते. मी ओरडले नाही, कुणाला हाक मारली नाही. आधी थर्मामीटर वाचला. बावन्न अंश. वहीत लिहिलं, ‘चार वाजता, बावन्न.’

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होऊन गेली. माझ्याबरोबरच्यांपैकी आता कुणी उरलं नाही, म्हणून लिहिते आहे. मी तेव्हा चाळिशीची होते आणि माझं काम एकच होतं, दर अर्ध्या तासाने थर्मामीटर वाचायचा आणि वहीत आकडा लिहायचा. सकाळी सेलमधलं कमी झालेलं पाणी भरायचं, तेही माझ्याकडेच. सर मला ‘पारा’ म्हणायचे. पुढे सगळ्यांनीच तेच नाव उचललं.

सेल म्हणजे एक उभट काचेचं भांडं. त्यात जड पाणी, आणि पाण्यात करंगळीएवढी लांब, पेन्सिलीच्या शिशाहून जरा जाड अशी पॅलेडियमची कांडी. वीज सोडली की पाण्यातला जड हायड्रोजन सुटतो आणि हा धातू तो वायू पिऊन टाकतो, कोरडा स्पंज पाणी पितो तसा. सरांचं म्हणणं असं, की धातूच्या पोटात इतकी दाटी झाली की त्या वायूचे अणू एकमेकांत मिसळत असावेत आणि त्यातून जास्तीची ऊब निघत असावी. याला थंड संमीलन म्हणतात. ‘थंड म्हणजे सूर्याच्या मानाने थंड,’ सर हसून म्हणायचे. ‘आपल्या मानाने चहाएवढं गरम.’ सेल पाण्याच्या टाकीत उभे असत. टाकीतलं पाणी तीस अंशांवर ठेवलं तर काहीच होत नसे. पन्नासावर ठेवलं तर कधी कधी होई. आत जाणाऱ्या विजेच्या हिशेबाने सेल चोपन्न अंशांवर थांबायला हवा होता. तीन नंबर एकसष्टावर चढून बसला होता, दोनशे अकरा दिवस.

सर जिन्यावर कोसळले तेव्हाही तो एकसष्टावर होता. सर गेले आणि तो तापतच राहिला. झाडलोट करणाऱ्या बाईंनी त्या खोलीत यायचं सोडलं. त्यांचंही चूक नव्हतं. काचेतून सारखे बुडबुडे वर यायचे, त्यांचा आवाज थेट कुणीतरी पलीकडे श्वास घेतंय असा. ते चार दिवस मी टेबलाशी एकटी बसायचे आणि पाठीमागे सर उभे आहेत असं वाटून दोन-तीनदा खुर्ची सरकवून वाट करून दिली होती.

आणि आता तो आवाज थांबला होता.

दारात डॉक्टर उभे होते. डॉक्टर म्हणजे सरांचे सहायक, रसायनशास्त्रातले डॉक्टर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी सेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सोमवारी चौकशी समिती येणार,” ते सावकाश म्हणाले. “आणि गुरुवारी कांडी गायब. पाराबाई, कमाल आहे तुमची.”

२

डॉक्टरांनीच समितीला पत्र लिहिलं होतं. त्यांचा आरोप साधा होता. पाणी भरताना मी त्यात काहीतरी मिसळते, म्हणून सेल तापतो. सरांच्या सांगण्यावरून की माझ्या मनाने, ते समितीने ठरवावं. समिती कांडी आणि पाणी दोन्ही तपासणार होती. कांडीच नसेल तर तपासणार काय? आणि ती कुणी नाहीशी केली असेल, हे विचारायची तरी गरज होती का?

संचालकांनी मला कांडी शोधायला सोमवारपर्यंत मुदत दिली. त्यानंतर माझी नोकरी जाणार, आणि त्याहून वाईट म्हणजे तीन वर्षांत लिहिलेला प्रत्येक आकडा खोटा ठरणार. मी आयुष्यात एवढी एकच गोष्ट नीट केली होती.

मी मावशीला फोन लावला.

माझी मावशी ओतकामाच्या कारखान्यात धातू तपासायची. कुठलाही तुकडा कापून, घासून, भिंगाखाली धरला की तो कुठे तापला, कुठे निवला, कुणी ठोकला, सगळं सांगायची. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. शुक्रवारी सकाळी ती पिशवी घेऊन हजर झाली. तिला बघून डॉक्टर म्हणाले, “या कोण?”

“हिच्या आईची धाकटी बहीण,” मावशी म्हणाली. “आणि तुम्ही ते पत्रवाले. बसा ना, उभे का?”

डॉक्टर स्वतःच्याच खोलीत पाहुण्यासारखे बसले.

मावशीने सेल हातात घेतला. आमचे सेल अखंड काचेचे असत. कांडी आत टांगून मान वरून वितळवून बंद केलेली, कारण रबराचं बूच लावलं तर त्याचा अंश पाण्यात उतरतो असं सरांचं मत. पाणी भरायला आणि वायू जायला बाजूला एक बारीक नळी तेवढी. म्हणजे कांडी काढायची तर मान कापायलाच हवी. ती कापलेली होती. मावशीने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि सेल खाली ठेवला.

“शेवटचं कधी वाचलंस?”

“तीन वाजता. एकसष्ट. मग सभेला गेले.”

“आणि चारला बावन्न. मग चोर घड्याळ ठेवून गेलाय की.” तिने चार नंबरच्या सेलकडे बोट दाखवलं. “हा सारखाच आहे ना? याचीही मान काप. एकसष्टापर्यंत तापव आणि वीज तोड. बावन्नावर यायला किती वेळ लागतो बघू.”

पस्तीस मिनिटं लागली. आम्ही पुन्हा केलं. पुन्हा पस्तीस.

“तीन पंचवीस,” मावशी म्हणाली. “तेव्हा सभेत कोण बोलत होतं?”

मला आठवायची गरज नव्हती. सभेतही माझं लक्ष घड्याळावर होतं, सवयच ती. तीन वीसपासून तीन चाळीसपर्यंत व्यासपीठावर डॉक्टर उभे होते. सरांबद्दल फार छान बोलले होते, म्हणून तर मला रडू आलं नव्हतं.

डॉक्टरांनी रुमालाने कपाळ पुसलं. “म्हणजे मी नाही.”

“तुम्ही नाही,” मावशी म्हणाली. तिच्या आवाजात जराशी निराशा होती.

३

“एक गोष्ट लक्षात ठेव,” मावशी जिना चढताना म्हणाली. “पोटभर वायू प्यालेली कांडी पाण्यातून हवेत काढली की ती आपोआप तापते. वायू बाहेर येतो, हवेशी भिडतो आणि धातूच्या अंगावरच जळतो. कागदात गुंडाळली तर कागद पेटेल. ज्याने हातात धरली त्याचा हात भाजलेला असणार.”

सरांच्या घराचं दार त्यांच्या पत्नींनी, आमच्या वहिनींनी उघडलं. त्यांच्या उजव्या तळहातावर पट्टी होती.

मी पट्टीकडेच बघत राहिले. मावशीने मात्र पट्टी पाहिलीच नाही असं दाखवलं आणि चहाला हो म्हणाली. खुंटीवर सरांचा कोट होता. वहिनी चहा करायला गेल्या तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून बसले. तरी तो तिथे आहे हे मला पूर्णवेळ कळत होतं.

“हाताला काय झालं?” मावशीने कप घेता घेता विचारलं.

“पातेलं उचललं. तसंच, चिमट्याशिवाय.” वहिनींनी हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. “चार दिवस झाले, हाताला गरम-गार कळतच नाहीये. दवाखान्यात ह्यांचा हात धरला होता ना, तेव्हापासून. इतका गार लागला. आणि ते खाली काचेचं भांडं, ते म्हणे अजून गरम.”

“राग येतो त्याचा?”

“येतो की.” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “मार्चपासून माणूस घरी असून नसल्यासारखा. पहिले तीन तापले, मग एकही तापेना. जेवताना गप्प, झोपेत आकडे. मला म्हणायचे, ‘काहीतरी मी सोडलंय, तेच करतोय पण कुठेतरी काहीतरी सोडलंय.’ ती कांडी कुणी नेली असेल तर नेऊ दे. माझ्या घरात नको आली म्हणजे झालं.”

बाहेर रस्त्यावर आल्यावर मी म्हणाले, “मावशी, पट्टी.”

“सभेत त्या कुठे बसल्या होत्या?”

“पहिल्या रांगेत. मी बरोबर त्यांच्या मागे.” आणि बोलता बोलता मलाच हायसं वाटलं. “तासभर मी त्यांचा अंबाडाच बघत होते. त्या उठल्याच नाहीत.”

“मग पातेलं,” मावशी म्हणाली. “आता मला सांग, तुमच्याकडे काच फुंकून हे सेल कोण करतं?”

४

काचवाले काका सरांच्या शाळेतले मित्र. आमच्या आवारात मागच्या बाजूला त्यांची एक बसकी खोली होती. बर्नर, नळ्यांचे भारे, आणि कोपऱ्यात काच सावकाश निववायची भट्टी. गरम काच एकदम गार झाली तर तिच्यात ताण राहतो आणि ती पुढे कधीतरी उगाच तडकते, म्हणून ती या भट्टीत ठेवून हळूहळू गार करायची. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण ज्योतीचा रंग त्यांना बरोबर दिसायचा.

आम्ही गेलो तेव्हा ते बर्नरवर चहा करत होते, अर्थात काचेच्या चंबूत.

“ये पारा. या मावशी, तुमचं नाव ऐकून आहे. लोखंडाला बोलतं करता म्हणे.”

“लोखंडाला विचारलं तर उत्तर मिळतं. माणसाला विचारलं तर चहा मिळतो.”

काका मोकळेपणी हसले. मावशीने त्यांचे हात बघायला मागितले. त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. “बघा. चाळीस वर्षांचे डाग आहेत. कालचा कुठला आणि लग्नाआधीचा कुठला, मला पण सांगता यायचं नाही.”

“सभेला होतात?”

“होतो ना. जरा उशिरा आलो. डॉक्टर बोलत होता तेव्हा. मागे दाराशीच उभा राहिलो.” मग चंबू हलवत त्यांनी अगदी सहज विचारलं, “कांडी सापडली, तर समिती तिचं काय करणार हो?”

“कापणार. घासून भिंगाखाली बघणार. धातूचे कण कसे बसलेत ते बघितलं की तिची सगळी कुंडली कळते.”

काकांनी बर्नर बंद केला. चहाला अजून उकळी यायची होती.

आम्ही तो कोमट चहा प्यायलो. निघताना मावशीने टेबलावरच्या ट्रेमधली कापलेली नळी उचलली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं.

परत तळघरात आल्यावर तिने माझं बोट धरलं आणि तीन नंबरच्या कापलेल्या मानेवरून फिरवलं. मग मी सकाळी कापलेल्या चार नंबरच्या मानेवरून. चार नंबरने मला चावा घेतला, रक्ताचा थेंब आला. तीन नंबर गुळगुळीत होता.

“काच कापली की कड धारदार राहते,” मावशी म्हणाली. “ती ज्योतीवर धरून गोल करावी लागते. आता मला सांग, चोरी करायला आलेला माणूस, वर सभा चाललीय, कुणीही खाली येईल, कांडी हातात पोळतेय, आणि तो थांबून कड गोल का करेल?”

“कुणाचं बोट कापू नये म्हणून,” मी म्हणाले. आणि कापलेलं बोट पदराला पुसलं.

“पण काकांनी का न्यावी? ते तर सरांचे...”

“ते मलाही नाही कळलं. तुझी वही आण. सगळी. आकडे नकोत, शेवटचा रकाना.”

शेवटचा रकाना शेऱ्याचा. सेल नवीन लावला की मी त्यात दिसेल ते लिहायचे. तो रकाना कुणीच कधी वाचला नव्हता, सरांनीसुद्धा. एक नंबर, ‘कांडीवर जांभळट छटा.’ दोन नंबर, ‘छटा आहे.’ तीन नंबर, ‘जांभळट छटा, थोडी जास्त.’ चार नंबरपासून अकरा नंबरपर्यंत, ‘कांडी पांढरी.’

पहिले तीन तापले होते. पुढच्या आठांपैकी एकही नाही.

“पॅलेडियमला हवेत चांगली आच लागली की जांभळी छटा येते,” मावशी म्हणाली. आता ती हळू बोलत होती. “दुकानातून आलेली कांडी ओढून लांब केलेली असते. आतून सगळी ताठलेली, वायू प्यायला लागली की तडे पडतात आणि प्यालेलं गळून जातं. तीच कांडी तापवून सावकाश निववली तर ती आतून सैल होते. मग भरपूर पिते आणि पोटात ठेवते. मी शपथेवर नाही सांगणार की ऊब त्यातूनच येते. पण तुमच्या तीन कांड्यांना कुणीतरी आच दिली होती आणि आठांना नाही.”

भिंतीवर एक टाइप केलेला कागद होता, रोजचा म्हणून आम्हाला दिसेनासा झालेला. ‘सूचना. पॅलेडियमच्या कांडीला कोणत्याही प्रकारे उष्णता लागता कामा नये. कांडी जशी येईल तशीच वापरावी.’ खाली सरांची सही. तारीख अकरा मार्च.

५

रविवारी दुपारी आम्ही काकांच्या खोलीत गेलो. मावशीने काही विचारायच्या आत त्यांनी मांडणीवरून एक बंद केलेली नळी उतरवली. आत जड पाण्यात कांडी होती.

“मला वाटलंच होतं, तुम्ही याल,” ते म्हणाले. “कड गोल केली तिथेच चुकलो. वाटेत कळलं. पण तोवर परत जाता येईना.”

“भट्टीत का घातल्या होत्या?” मावशीने विचारलं.

“कांड्या कुठे, मी तर काच घातली होती! मान वितळवून बंद केली की आत ताण राहतो. न निववता माझ्या टेबलावरून काच जात नाही. कांडी आतच टांगलेली, तीही शेकली. पहिल्या तीन वेळा कुणी काही म्हणालं नाही. मग ती सूचना लागली आणि माझ्या छातीत धस्स झालं. म्हटलं, आपण ह्याचे तीन सेल नासवले. सांगायची हिंमत झाली नाही. पुढचे आठ नुसते ज्योतीवर शेकून, कापसात गुंडाळून दिले. त्यातले दोन तडकले. तरी भट्टीत घातले नाहीत.” त्यांनी डोळे पुसले. “आता समिती कांडी कापणार, आच लागलेली दिसणार, म्हणणार सगळा प्रयोगच भेसळीचा. गेलेल्या माणसाचं नाव घालवायचं, तेही माझ्या हाताने?”

“आणि या पोरीचं नाव?”

“पारावर येईल हे डोक्यातच आलं नाही. शप्पथ सांगतो. ते कळलं तेव्हापासून झोप नाही.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला इतका आनंद झाला होता, की मी त्यांचं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली.

“काका, तुम्ही नासवलं नाही! उलट आहे. तुमच्या भट्टीत गेलेले तीनच तापले. बघा ना, एक, दोन, तीन. तुमच्यामुळेच ऊब आली! माझे आकडे खरे होते, सरांचं म्हणणं खरं होतं. फक्त धातूला तुमची भट्टी हवी होती!”

मावशीने माझा दंड धरला. मला वाटलं तिलाही आनंद झालाय.

काका वहीकडे बघत होते, त्यांना अक्षर दिसत नसताना. “सूचना कधी लागली?”

“अकरा मार्च.”

“त्यानंतर किती सेल केले आपण?”

“आठ.”

“तापला एखादा?”

“एकही नाही.”

“आणि तो जिन्यावर पडला ते?”

“सप्टेंबर, एकोण...” मी तिथेच थांबले. तारीख विचारली की मी सांगते, आकडा विचारला की मी सांगते, माझं कामच ते. शेवटचा आकडा तोंडातून निघता निघता मला कळलं, की मी त्यांना काय वाचून दाखवते आहे. सरांनी सहा महिने रात्रंदिवस जे शोधलं होतं ते इथे, या बसक्या खोलीत होतं. काकांनी एक वाक्य बोलायचं होतं.

“म्हणजे सांगितलं असतं, तर...” काका म्हणाले.

“तसं कुणालाच सांगता येणार नाही,” मावशी ताडकन म्हणाली. “भट्टीमुळे ऊब आली, हे अजून सिद्ध कुठे झालंय? तीन सेलांवरून मी एक खिळासुद्धा पास करत नाही.”

काकांनी मान हलवली. तिचं बोलणं त्यांनी धरून ठेवलं, हे मला दिसलं.

६

सोमवारी काका आपणहून समितीपुढे गेले. नळी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. पाण्यात काही सापडलं नाही. कांडी कापली, तिचे कण मावशीने सांगितले तसेच निघाले.

समितीच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. “तुम्ही खोटं लिहिलं असं आम्ही म्हणत नाही,” ते म्हणाले. “खरं लिहिलं असंही आज म्हणता येत नाही. याच पद्धतीने एक सेल करा. दर आकड्यावर डॉक्टरांची सही घ्या. तो तापला तर तुमची जुनी वही आम्ही ग्राह्य धरू. नाही तापला, तर डॉक्टरांचं ते पत्र तसंच फाइलला राहील.”

बारा नंबरचा सेल काकांनी केला. किती अंशांवर भट्टी ठेवता, असं डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाले, “लाली येण्याच्या जरा अलीकडे.” मी पहिल्यांदाच त्या भट्टीत जास्त आच मोजणारा थर्मामीटर खुपसला. इतकी वर्षं तो माझा रकाना नव्हता.

कांडी जांभळट निघाली.

पहिला आठवडा गेला. चोपन्न. दुसरा गेला. चोपन्न. काका रोज दुपारी तळघरात येऊन खिडकीपाशी स्टुलावर बसू लागले. ऑपरेशन करून घ्या म्हटलं तर टाळायचे. आकडा त्यांना दिसत नसे, मला विचारायचे. सेलमधून तोच श्वासासारखा आवाज पुन्हा येत होता. मी खुर्ची सरकवून मागे वाट सोडायची ती अजून तशीच सोडत होते.

“पारा,” एके दिवशी ते म्हणाले, “हा तापला नाही तर बरं, असं म्हणालो तर रागवशील?”

मी लिहीत राहिले.

“नाही तापला म्हणजे भट्टीचा काही संबंध नाही. म्हणजे मी सांगितलं असतं तरी तो गेलाच असता. नाही का?”

“आणि माझं नाव, काका?”

“माहितीय गं. म्हणून तर कुणाला बोलत नाही. तुलाच बोलतो.”

सव्विसाव्या दिवशी दोन वाजता चोपन्न होता. अडीचला साडेचोपन्न. मी काच पुसली, चष्मा पुसला. तीनला सत्तावन्न.

तीन वर्षांचे माझे आकडे एका क्षणात खरे झाले होते. मला ओरडावंसं वाटलं, मावशीला फोन करावासा वाटला. पाठीमागे कुणीतरी वाकून थर्मामीटर बघतंय असं इतकं स्पष्ट जाणवलं, की मी वळले नाही.

खिडकीपाशी स्टूल करकरलं.

“किती गं?” काकांनी विचारलं.

मी पेन हातात घेतलं. वहीत लिहिलं, ‘तीन वाजता, सत्तावन्न.’

“चोपन्न,” मी म्हणाले.

काकांनी लांब श्वास सोडला. मग उठून माझ्याजवळ आले आणि डोक्यावर हात ठेवला. “वाईट वाटतं हं, तुझ्यासाठी,” म्हणाले. त्या दिवशी ते लवकर घरी गेले. जिना चढताना त्यांची पावलं मी ऐकली. बऱ्याच दिवसांनी ती माणसाच्या पावलांसारखी वाजली.

साडेपाचला डॉक्टर सहीला आले. तेव्हाही सेल सत्तावन्नावरच होता. (तो आणखी अकरा दिवस तसा राहिला आणि मग उतरला. पुढच्या पाच सेलांपैकी दोन तापले, तीन नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही, आणि समितीलाही सांगता आलं नाही. पण माझी वही त्यांनी ग्राह्य धरली.) डॉक्टरांनी थर्मामीटर पाहिला, वही पाहिली, पुन्हा थर्मामीटर पाहिला. मग त्यांची नजर भिंतीवरच्या सूचनेकडे गेली आणि तिथेच राहिली.

“ती मी टाइप केली होती,” ते म्हणाले. “सर नको म्हणत होते. मीच म्हटलं, शुद्धतेसाठी हवी.”

मी वही त्यांच्यापुढे सरकवली.

“काका होते ना दुपारी? त्यांना किती सांगितलंत?”

“चोपन्न.”

डॉक्टर बराच वेळ पेनचं टोपण उघडत-मिटत उभे होते. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, सत्तावन्नापुढे नीट, पूर्ण नावाची सही केली, आणि शाई वाळेपर्यंत वहीवर हात धरून राहिले.

“मला विचारलं,” ते म्हणाले, “तर मी पण चोपन्नच सांगेन.”